पश्चिमेचा कठडा

१

सकाळी सात वाजता मनोऱ्यांची हजेरी व्हायची. मी वनखात्याच्या ऑफिसात टायपिस्ट, पण वायरलेस माझ्या टेबलाला लागूनच, त्यामुळे सतरा वर्षं ती हजेरी माझ्या कानांवरून गेलेली. कोल्ड आयर्न शिखर, ठीक. मडी नॉब, ठीक. हार्नेस शिखर, ठीक. डोंगरमाथ्यावरच्या काचेच्या खोल्यांत एकेकटी बसणारी ही माणसं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जंगलाकडे बघत राहायचं, धूर दिसला की दिशा कळवायची, एवढंच त्यांचं काम. हार्नेसवर बसायची ती माझी इंगाआत्या, बाबांची थोरली बहीण. वय अडुसष्ट आणि मनोऱ्यावरचा तेहेतिसावा उन्हाळा.

त्या उन्हाळ्यात आत्याने तीन आगी सगळ्यांच्या आधी कळवल्या. खरं तर तिची पाठ थोपटायला हवी होती. पण तिन्ही आगी फिडलर घळीतल्या होत्या, आणि फिडलर घळ हार्नेसवरून दिसत नाही. मध्ये अख्खी डोंगराची सोंड आडवी आहे.

आमचे साहेब वॉर्ड स्टेबिन्स माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन टेकले. हे टेकले की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार.

“कोरा, तुझ्या आत्याला दिसतं का गं?”

“न दिसता आगी सांगते का ती?”

“खेचरवाला काय म्हणाला ऐक. कपात कॉफी कमी आणि त्याच्या बुटावर जास्त. हाक मारली तर त्याच्याकडे न बघता खेचराशी बोलायला लागली. आणि हिला डोंगराआडचा धूर दिसतो! मला रात्री झोप लागत नाही.”

त्यांनी एक पुठ्ठा आणि एक फॉर्म माझ्यासमोर ठेवला. पुठ्ठ्यावर काळे ठिपके. दहा फुटांवरून ते मोजता आले तर डोळे चांगले.

“मंगळवारी वर जा. रात्रभर राहा. तिला जवळून बघ आणि खरं काय ते लिही. बुधवारी खेचरं सामान घेऊन वर येतील. दिसत नसेल तर त्यांच्याबरोबरच तिला खाली आण.”

“आणि राहिलेला महिना मनोऱ्यावर कोण बसणार?”

“तू. धडधाकट डोळे आहेत की तुला.”

मला डोंगर आवडतात, पण खालून बघायला. पण प्रश्न माझा नव्हता. आत्या हिवाळ्यात गावात रंग-खिळ्यांच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत राहायची. पडदे ओढून बसायची आणि जून कधी लागतोय त्याची वाट बघायची. मनोरा गेला असता तर आत्या उरली नसती. हे मला ठाऊक होतं, वॉर्डनाही ठाऊक होतं, आणि वायरलेसवरचा लायल तर हे सगळं ऐकून माझ्याशी दिवसभर बोलला नाही.

२

सहा मैलांची चढण. मी पीच घेतले होते, ताजा पाव घेतला होता, आत्याचं टपाल घेतलं होतं. तिसऱ्या मैलाला मी वॉर्डना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की माझ्या आईने ऐकल्या असत्या तर तोंड साबणाने धुतलं असतं. पाचव्या मैलाला झरा आहे. तिथे झाडाला पत्र्याचे दोन डबे टांगलेले असतात. झऱ्यापासून वर रिकाम्या हाताने कुणी जायचं नाही, मग तो गव्हर्नर का असेना. मीही डबे भरले आणि खांदे उखडेपर्यंत ओढत नेले.

दुसरी रीत मनोऱ्याखाली पाळायची. तीस फुटांचा जिना असतो, पण विचारल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही. एकट्या माणसाचं घर आहे ते.

“आत्या, वर येऊ का?”

“ये गं बाई. पण त्या डाव्या डब्यातलं पाणी सांडू नकोस, निम्मं आधीच सांडलंयस.”

मी डब्यात पाहिलं. खरंच निम्मं होतं. आवाजावरून कळलं असेल, मी स्वतःला म्हटलं. डचमळण्याचा आवाज होतोच.

वर काचेच्या खोलीभोवती चारी बाजूंनी लाकडी सज्जा आहे, दोन माणसांना ओलांडता येईल एवढा. त्यावर हिरवा रंग. तेहेतीस उन्हाळे आत्या त्यावरून फेऱ्या मारत आलेली, त्यामुळे दक्षिणेला, पूर्वेला, उत्तरेला रंग साफ उडालेला, खालचं लाकूड पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत. आणि पश्चिमेला रंग कालच लावल्यासारखा हिरवागार. धूळ बसली होती, पण पावलाची एकही खूण नव्हती.

मी तिकडे वळले तर आत्याने माझा दंड धरला.

“तिकडून नको. इकडून ये.”

“का? फळी कुजलीये?”

“फळी चांगली आहे. इकडून ये म्हटलं ना.”

३

आत्याने कॉफी केली. कपात बोट घालून ओतली, आणि कॉफी बोटाला लागल्यावर थांबली. मी बघतेय हे तिला माहीत होतं. तिने बोट चोखलं आणि कप माझ्या दिशेने पुढे केला, जरासा चुकीच्या जागी.

“एमेट अजून घोरतो?” तिने माझ्या नवऱ्याची चौकशी केली.

“हो. आत्या, मी कशाला आलेय ठाऊक आहे ना तुला?”

“लायलने परवाच सांगितलं. चांगला मुलगा आहे, पोटात काही ठेवत नाही. काढ तो पुठ्ठा.”

मी दहा फूट मोजून पुठ्ठा धरला. आत्याने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

“किती ठिपके?”

“मधे काही नाही गं,” ती शांतपणे म्हणाली. “कडेला तुझा कोपर दिसतोय. मधलं गेलं. तीन वर्षं झाली. तुझं तोंडही मला दिसत नाही, तू लहान होतीस तेव्हाचं तोंड मी त्या जागी लावून घेते. लिही, पुढे काय विचारायचंय?”

मला रडूच आलं. कुठल्या तोंडाने लिहायचं? मी पेन काढलं आणि परत ठेवलं.

“मग आगी कशा कळवतेस तू?”

“बस. आणि गप्प बस, तेवढं जमतं का बघ.”

४

खोलीच्या मधोमध उंच लोखंडी बैठक असते. तिच्यावर गोल नकाशा, नकाशाच्या मध्यावर आपण म्हणजे आपला मनोरा. नकाशाभोवती पितळेचं कडं, त्यावर तीनशे साठ अंश कोरलेले. कड्यावर समोरासमोर दोन उभी पाती. एका पात्यात चीर, दुसऱ्यात घोड्याचा केस ताणून बसवलेला. चिरीतून बघायचं, कडं फिरवत केस धुरावर आणायचा, केसाखालचा अंक वाचून कळवायचा. मी एकोणीस वर्षांची असताना एक महिना आत्याकडे राहून हेच शिकले होते, आणि पळून आले होते.

जवळ जाऊन पाहिलं तर कड्याच्या कडेला कानशीने खाचा पाडलेल्या होत्या. दर दहा अंशांना एक, दर शंभराला दोन. सरकारी मालावर! वॉर्डनी पाहिलं असतं तर त्यांना घेरी आली असती.

आत्या काचेच्या पायांच्या स्टुलावर बसली होती. ते स्टूल विजा कोसळतात त्या दिवसांसाठी, झटका बसू नये म्हणून असतं, पण ती त्यावरच बसायची. तोंड पूर्वेला, पाठ पश्चिमेच्या काचांकडे. आम्ही दोन तास तशाच बसलो. माशी काचेवर आपटत होती. खाली जंगल निळं होत होत पार मोंटानापर्यंत गेलेलं.

पाचच्या सुमाराला आवाज आला. काचेवरून नाणं सरकवावं तसा, अगदी बारीक.

कडं फिरत होतं.

मी आधी आत्याच्या हातांकडे पाहिलं. ते तिच्या मांडीवर होते. मग माझ्या हातांकडे पाहिलं, काय सांगावं. मग छतावरच्या वारा मोजायच्या वाट्यांकडे. त्या हलत नव्हत्या. कडं चकत्यांवर बसवलेलं असतं, बोटाच्या धक्क्यानेही सरकतं. उन्हाने पितळ ताणलं असेल, मनोरा कलला असेल. मी कारणं शोधत होते आणि कडं आपलं हळूहळू, बेतशीर, एखाद्या समजूतदार माणसाने फिरवावं तसं फिरत होतं. मग थांबलं. थोडं मागे आलं. पुन्हा थांबलं.

आत्या उठली, खाचांवरून बोटं फिरवत गेली, शेवटचे अंश नखाने मोजले.

“एकशे बारा,” ती म्हणाली आणि वायरलेस उचलला. “लायल, हार्नेस बोलतेय. एकशे बारा अंश. या दिशेला सोंडेच्या अलीकडे असतं तर कोल्ड आयर्नला दिसलं असतं. म्हणजे घळीत आहे. पोरं पाठव.”

५

मी दुर्बीण घेऊन पूर्वेच्या सज्ज्यात धावले. एकशे बारावर डोंगराची सोंड, वर स्वच्छ आकाश. धूर नाही, धुरकटही नाही.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते. मी आत गेले आणि आत्याच्या हातातून वायरलेस काढून घेतला.

“लायल, कोरा बोलतेय. इथून काहीच दिसत नाही. नको पाठवू कुणाला.”

“नक्की? इंगा तर म्हणते...”

“मला डोळे आहेत ना, लायल? रद्द कर.”

आत्याचं तोंड माझ्या कानाच्या बाजूला वळलेलं, म्हणजे ती माझ्याकडेच बघत होती.

“मी खोटी पडले तरी चालेल गं,” ती म्हणाली. “पण ज्याने दाखवलं त्याला तू खोटं पाडलंस.”

“कुणी दाखवलं, आत्या? कुणी?”

तिने पीचचं साल काढायला घेतलं. न बघता, एकसंध.

पाऊण तासाने सोंडेच्या मागून धुराची बारीक रेघ वर आली. एकशे बारा. मी चिरीतून पाहिलं, केस रेघेवर इतका चोख बसला होता की धूर दिसेचना, केसामागेच लपला. मी लायलला सांगितलं तेव्हा माझा आवाज चिरकला. तो फक्त “बरं” म्हणाला. चार पोरं तेव्हाच निघाली, आणि पहाटेपर्यंत आग विझवल्याचं नंतर कळलं. दोन एकर जळलं. ती दोन एकरं माझ्या नावावर.

त्याच वेळी मी ठरवलं. फॉर्मवर लिहायचं, दिसतं. ठणठणीत दिसतं. वॉर्ड गेले खड्ड्यात.

६

धुरावर नजर ठेवायला मी पूर्वेच्या कठड्याशी उभी होते. सूर्य माझ्या पाठीमागे मावळायला आलेला. त्या वेळी डोंगराची सावली पूर्वेच्या जंगलावर पडते. डोंगर कसाही वेडावाकडा असो, माथ्यावरून त्याची सावली नीट त्रिकोणी दिसते, मैलोगणती लांब, टोकदार. माथ्यावरचा मनोरा त्या सावलीत दिसत नाही, एवढ्या लांबवर तो विरून जातो. हे मी एकोणिसाव्या वर्षी पाहिलं होतं, आणि त्या महिन्यातलं आवडलेलं तेवढं एकच.

सावली घळीपर्यंत पोचली होती. पण तिला टोक नव्हतं.

जिथे टोक असायला हवं तिथे त्याच्यामागून आणखी काहीतरी वर आलं होतं. डोंगराच्या सावलीहून उंच. गोलसर उतार, खांद्यासारखा. त्याच्या वर आणखी एक आकार, पुढे झुकलेला. आपण जेवणाऱ्या माणसाच्या ताटात मागून वाकून बघतो ना, तसं ते डोंगरावरून वाकलं होतं.

ढग, मी म्हणाले. पश्चिमेला ढग असणार. मोठ्याने म्हणाले, कारण मनात म्हणून पटेना. ढग सरकतात, पसरतात. हे सरकत नव्हतं. मी शंभरपर्यंत आकडे मोजले. त्र्याऐंशीला तो वरचा आकार वळला, धिम्या गतीने, घळीतल्या धुराच्या दिशेने, आणि त्याच क्षणी माझ्या मानेवरचं ऊन गेलं.

गार झालं. लाकडाचा कठडा, माझे हात, पूर्वेच्या काचा, सगळं निळसर झालं. जंगलातला एकूणएक पक्षी गप्प. मग तो आकार पुन्हा सरळ झाला आणि ऊन परत आलं.

भीती वाटली? वाटली. पण खरं सांगायचं तर भीती खाली कुठेतरी राहिली. आमच्या ल्यूथरन चर्चमध्ये चाळीस वर्षं मी बाकावर बसले आणि जे वाटायला हवं ते कधी वाटलं नाही. ते तिथे, त्या सज्ज्यात वाटलं. एवढं मोठं काही असू शकतं, आणि ते एवढं सांभाळून बसू शकतं की मनोऱ्याची काच हलू नये! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“वळायचंय?” आत्या माझ्या शेजारी येऊन उभी होती. “माझी ना नाही. मी वळले होते एकदा.”

७

आम्ही आत आलो. मी कंदील लावला, तीन काड्या लागल्या. बाहेर अजून पुरतं अंधारलं नव्हतं.

“पहिल्या उन्हाळ्यापासून जाणवायचं,” आत्या म्हणाली. “पश्चिमेला पाय वळायचे नाहीत. कुणी बसलं असलं की आपण त्याच्या अंगावरून जात नाही, तेवढंच. तीस वर्षं मी सावली बघितली आणि समाधान मानलं. मग एके दिवशी वाटलं, मी म्हातारी झाले, आता नाही बघितलं तर केव्हा? वळले. सरळ बघितलं.”

“आणि?”

“आणि मधलं गेलं.” तिने डोळ्यांसमोर बोट गोल फिरवलं. “डॉक्टर म्हणतात वयामुळे होतं. होतही असेल. पण दुसऱ्या दिवसापासून कडं फिरायला लागलं. त्याला वाईट वाटलं असणार, असं आपलं मला वाटतं.”

“काय दिसलं होतं, आत्या?”

“तीच तर गंमत आहे. आठवणीतलंही मधलंच गेलंय. कडा आठवतात. उजेड होता. मी हसत होते हे आठवतं. एकदा कुणीतरी मला सांगायला हवं होतं गं, काय होतं ते.”

तेवढ्यात तो आवाज आला. नाण्याचा.

मी चुलीपाशी उभी होते. कडं फिरत आलं आणि थांबलं. मला वाटलं, आणखी एक आग, आणि मी दाराकडे सरकले. तर ते पुन्हा फिरलं, माझ्यामागून. मी थांबले, ते थांबलं. मी खाटेकडे गेले, ते खाटेकडे आलं. पात्यातला केस मला दिसत होता, उभा, काळा, आणि त्याच्या बरोब्बर समोर मी.

आत्याने खाचा चाचपल्या. “पंचेचाळीस.” तिचा आवाज बारीक झाला. “पंचेचाळीसला काय आहे? कोरा, काही पेटलंय का?”

“काही नाही.”

तिने केसावर हात ठेवला आणि त्याच रेषेत, हात पुढे धरून, एकेक पाऊल टाकत आली. तिचा तळवा माझ्या छातीवर टेकला. गळा, हनुवटी, गाल. सगळं चाचपून पाहिलं तिने, जणू दुसरं कुणी असलं तर बरं असं तिला वाटत होतं.

“तू आहेस,” ती म्हणाली.

मग ती वळली, आणि मी पहिल्यांदाच तिला पश्चिमेच्या काचांकडे तोंड करून उभी राहिलेली पाहिलं.

“मला सांगायचं तरी,” ती त्या काळोख्या काचांना म्हणाली. “तेहेतीस वर्षं झाली. नवी माणसं हवी होती तर मला आधी सांगायचं तरी.”

आणि ती रडायला लागली. लग्न मोडलं तेव्हा न रडलेली बाई, बाबांच्या थडग्यापाशी न रडलेली बाई. मी तिला धरून खाटेवर बसवलं. म्हटलं, मी लिहितेय की तुला दिसतं, तू इथेच राहा, मी उद्या निघून जाते. तिने मान हलवली.

“नाही. दिसत नाही असंच लिही. बोलावलंय तुला. जिथे आपलं काम संपलं तिथे मी चिकटून बसणारी नाही.”

मी लिहिलं. तिने सांगितलं तसं.

८

बुधवारी खेचरं आली. आत्याने एक ट्रंक, एक उशी आणि कानस घेतली. जिन्याच्या तळाशी उभी राहून म्हणाली, “त्याच्याकडे बघायचं झालं तर डोळ्याच्या कडेने बघ. सरळ बघू नकोस. मी ते उशिरा शिकले.” मग खेचरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली. मागे वळली नाही. वळून तरी तिला काय दिसणार होतं?

गुरुवार, शुक्रवार कडं हललं नाही. मी डोळ्यांनी काम केलं. एक आग कळवली, ती तळ्यावरचं धुकं निघाली. लायलने चेष्टा करायची सोडली नाही. तो म्हणाला, आत्या रोज सात वाजता ऑफिसात येते, माझ्या खुर्चीत बसते, हजेरी ऐकते आणि बसूनच राहते. जेवायला उठवावं लागतं. वॉर्ड तिच्यासमोरून जायचं टाळतात.

शुक्रवारी संध्याकाळी मी वायरलेस घेऊन पूर्वेच्या कठड्याशी गेले. सावली पसरली होती, आणि तिला टोक नव्हतं. ते बसलेलं होतं. पण या वेळी ते घळीकडे झुकलं नव्हतं, मनोऱ्यावरही झुकलं नव्हतं. मान पार पलीकडे गेलेली.

आत तोच काचेवरच्या नाण्याचा आवाज. कडं फिरत होतं. मी दारातून पाहिलं. ते माझ्याकडे आलं नाही. मला ओलांडून गेलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते कडं कधीच माणसं निवडत नव्हतं. ते आग दाखवायचं. नुकसान कुठून येणार ते दाखवायचं. मंगळवारी खिशात फॉर्म घेऊन खोलीत उभी कोण होती? त्याने आत्याला बजावलं होतं, ही बघ, ही. आणि आम्ही दोघींनी, कड्याचे अंश वाचण्यात आणि ऐकण्यात जन्म घालवलेल्या दोघींनी, अंक बरोबर वाचून अर्थ उलटा लावला होता.

मी वायरलेसचं बटण दाबलं.

“आत्या, ऐकतेस?”

“ऐकतेय.” लगेच आवाज आला. लायलने तिलाच वायरलेस देऊन ठेवला असणार.

“मी वळतेय. कडेने बघते. तुला सांगते.”

“जपून गं.”

मी तोंड उत्तरेला केलं आणि डोळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पश्चिम येऊ दिली. आधी उजेड होता. मग उजेडात कडा दिसायला लागल्या. माझा श्वास मला ऐकू येत होता.

“आत्या, ते बसलंय. पाय खाली दरीत सोडून. गुडघा दिसतोय, गुडघ्यावर झाडं आहेत... नाही, ती झाडं नाहीत. आत्या, किती सुंदर आहे गं ते. केवढं सुंदर आहे!”

“तोंड?” ती म्हणाली. “तोंड कुठे आहे त्याचं?”

“पलीकडे वळवलंय. ते काहीतरी शोधतंय. इकडे तिकडे बघतंय आणि पुन्हा त्याच जागी येतंय.”

“कुठल्या जागी? कड्यावरचा अंक सांग, कोरा.”

मी पश्चिमेला पाठ केली, आत गेले, आणि खाचांवर बोटं ठेवून वाचलं, तिच्यासारखं.

“तीनशे दहा.”

तीनशे दहाला एकोणीस मैलांवर आमचं गाव आहे. आमचं ऑफिस आहे. हे तिला सांगायची गरज नव्हती. वायरलेसमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, लायल काहीतरी विचारत होता. त्याच वेळी इथे मनोऱ्याच्या सगळ्या काचा एकदम थरथरल्या आणि पश्चिमेकडचं ऊन मोकळं होऊन खोलीभर पसरलं. समोर बसलेलं कुणी उठावं तसं.

“आत्या, ते उठलं. आत्या, ते तिकडे निघालंय. लायलला सांग, सगळ्यांना सांग...”

“थांब जरा, आरडाओरडा करू नकोस,” आत्या म्हणाली. तिचा आवाज सोळा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. “मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहते. इथे छपराखाली त्याला कशी दिसणार मी?”